चार चौकटींचा शब्द

सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या त्याला आता महिना होत आला होता, आणि एवढ्या दिवसांत त्यांनी जावयाला एका शब्दाने दोष दिला नव्हता. जावयाची सगळी पंचाईत हीच होती. दोष दिला असता तर त्याने तो खोडून काढला असता. ते त्याचं कामच होतं.

जावई टाइल्सच्या एका मोठ्या दुकानात विक्री बघायचा. बघायचा म्हणजे बोलायचा. दुकानात त्याला सगळे 'पॉलिश' म्हणत. मालक कौतुकाने म्हणत, हमाल गमतीने म्हणत आणि बाकीचे विक्रेते दातओठ खाऊन म्हणत. गिऱ्हाईक दारातून आत यायचं ते 'सहज बघायला आलोय' असं म्हणत, आणि बाहेर पडायचं ते टेम्पो कधी येईल हे विचारत. मधल्या वेळात नेमकं काय घडलं, हे त्याला घरी गेल्यावर सांगता येत नसे. पॉलिश खोटं बोलायचा असं नव्हे. तो फक्त थांबायचा नाही.

गेल्या वर्षी सासूबाईंनी आपल्या घरातलं बाथरूम नवं करून घेतलं. दोन गल्ल्या सोडून त्यांचं स्वतःचं छोटं घर होतं, तिथे त्या एकट्या राहायच्या. टाइल्स अर्थातच जावयाच्या दुकानातून आल्या. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला होता, "घसरणार नाही ना?"

"आई," जावई म्हणाला होता, "या टाइलवरून नजर घसरेल, पाय घसरणार नाही!"

हे वाक्य त्याने स्वतः बनवलेलं होतं. ते इतकं छान जमलं होतं की ते खरं आहे का, हे बघायचं राहूनच गेलं होतं. दुकानात ते रोज वापरलं जायचं आणि रोज चालायचं. सासूबाईंनी टाइल घेतली. वर्षभर नजर काही घसरली नाही. पाय घसरला, आणि घोटा मोडला. शेजारीण दुधाची पिशवी द्यायला आली आणि दार उघडेना म्हणून तिने लेकीला बोलावलं, तोवर सासूबाई त्या चकचकीत लादीवर पडून होत्या. फोन बाहेरच्या खोलीत टेबलावर होता आणि आपल्या जागी वाजत होता.

तेव्हापासून त्या लेकीकडे, बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर, प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून बसलेल्या होत्या. घरून त्यांचे कपडे आले त्याच्या आधी शब्दकोश आला, लाकडी पट्टी आली, पेन्सिल आणि खोडरबर आला. सासूबाई जन्मभर शाळेत भाषा शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि आता एका साप्ताहिकासाठी शब्दकोडं तयार करायच्या. त्यांच्या घराची किल्लीही आली होती. ती त्यांनी शब्दकोशावर ठेवली होती, जिथून ती रोज दिसेल. घरी जायचंय असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. डॉक्टरांना मात्र दर खेपेला एकच गोष्ट विचारायच्या, "कधी काढताय हे?"

एका सकाळी बायकोने जावयाला स्वयंपाकघरात बोलावलं आणि नळ सोडला. नळ सोडला म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"पुढच्या आठवड्यात प्लास्टर निघतंय," ती हळूच म्हणाली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि कुजबुजतानाही रिपोर्ट वाचल्यासारखं बोलायची. "निघालं की आई परत जायचं म्हणेल. मला ती तिकडे एकटी नकोय. आमच्या लॅबमधल्या मॅडम भाड्याने घर शोधताहेत, पहिल्या तारखेपासून. आईचं घर त्यांना देऊन टाकू. आई इथेच राहील. तू बोल तिच्याशी."

"मी?"

"मग कोण? मी बोलले की भांडण होतं. तू बोललास की लोक टाइल घेतात."

"अगं, पण त्या टाइलमुळेच तर..."

"म्हणूनच तू बोलायचंस," बायको म्हणाली आणि नळ बंद केला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी जावयाने दोन कप चहा केला, दिवाणाजवळ खुर्ची ओढली आणि घसा साफ केला. सासूबाईंच्या मांडीवर पुठ्ठा होता आणि पुठ्ठ्यावर चौकटी आखलेला कागद. काळ्या-पांढऱ्या चौकटी. जावयाच्या डोळ्यांना तो कागद एखाद्या व्हरांड्याच्या फरशीसारखा दिसला. त्याला वाटलं, सुरुवात इथूनच करावी.

"वा, आई! काय सुंदर डिझाइन—"

"बरं झालं आलात," सासूबाई म्हणाल्या. "आडवे सात. चार चौकटी. अस्खलित. याला क्लू काय देऊ?"

"अस्खलित? सोपं आहे. गुळगुळीत बोलणं."

"आतापर्यंत मी हाच द्यायची." सासूबाईंनी पेन्सिलीचं टोक बघितलं. "तुमच्या लग्नाच्या वेळी मी हाच शब्द वापरला होता. हिने विचारलं, कसा वाटला मुलगा? मी म्हटलं, अस्खलित बोलतो. तेवढ्यावर तुम्हाला मुलगी दिली."

"आई, ते तुमचे उपकारच आहेत."

"उपकार नाहीत हो. चूक असू शकते. तेच तपासतेय."

जावई हसला. दुकानात गिऱ्हाईक असं काही बोललं की तो हसायचा आणि पुढचं वाक्य सुरू करायचा. आताही त्याने तेच केलं. बोलणं सुरू झालं. वय, पाय, थंडीत दुखणारी हाडं, लेकीची माया, घरातला हवेशीर कोपरा, खिडकीतून येणारं ऊन, संध्याकाळची सोबत, एकटेपणाचे दुष्परिणाम. एका गोष्टीतून दुसरी गोष्ट अशी निघत होती की सांधा कुठे आहे ते दिसू नये. त्याचं त्यालाच बरं वाटायला लागलं. मधेच त्याच्या लक्षात आलं की सासूबाई पेन्सिलीने एक चौकट काळी करताहेत. मग दुसरी. मग तिसरी.

"आई, तुम्ही ऐकताय ना?"

"ऐकतेय. म्हणून तर भरतेय. सांगा बरं, काळ्या चौकटीत काय असतं?"

"काहीच नसतं."

"काही नसतं. पण ती नसली तर आधीचा शब्द कुठे संपला तेच कळत नाही. वाचणारा वाहवत जातो." त्यांनी रबराने कागद झटकला. "तुमच्या बोलण्यात काळी चौकटच नाही, जावईबापू. मी आपली माझ्याकडून घालत होते."

जावयाने चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता, म्हणजे तो बराच वेळ बोलला होता.

"आता मला सांगा," सासूबाई वर्गावर असल्यासारख्या सरळ बसल्या, "अस्खलितमधला अ काढा. काय उरलं?"

"स्खलित."

"म्हणजे?"

जावयाने डोकं खाजवलं. "भूस्खलन म्हणतात ना, डोंगर रस्त्यावर येतो तेव्हा. म्हणजे घसरणं."

"शाबास. घसरणं, ठेच लागणं, पाय चुकणं. स्खलित म्हणजे घसरलेलं. अस्खलित म्हणजे न घसरलेलं. वर्गात हा शब्द आला की मागच्या बाकावरची मुलं खाली वाकून पेन शोधायची. त्यांना त्या शब्दाचा दुसराच अर्थ माहीत होता. मग मी काय करायची, 'अस्खलित म्हणजे ओघवतं, गुळगुळीत, चला पुढे' असं भराभरा सांगून टाकायची. शब्दाच्या आत काय आहे ते उघडून दाखवायचं राहून गेलं. दर वर्षी राहून गेलं."

"त्यात काय एवढं, आई? अर्थ तोच की. गुळगुळीत काय नि न घसरणारं काय."

 सासूबाईंनी फक्त आपल्या पायाकडे बघितलं. मग जावयाकडे. मग पुन्हा पायाकडे. महिनाभरात त्या दोषारोपाच्या एवढ्या जवळ पहिल्यांदाच आल्या होत्या, आणि तरी तो दोषारोप नव्हता. ती नुसती मान हलली होती.

"गुळगुळीत असलं की माणूस घसरतो," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि गुळगुळीत बोलणाऱ्याला आपण न घसरणारा म्हणतो. घसरत कोण नाही मग? बोलणारा?"

"हो. बोलणारा."

"आणि ऐकणारा?"

जावयाने गार कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"तुम्ही तेव्हा घोटून घोटून बोललात," सासूबाई म्हणाल्या, "आणि घोटा माझा गेला." मग त्या स्वतःशीच जरा हसल्या, कारण वाक्य बरं जमलं होतं आणि चांगल्या वाक्याचा मोह त्यांनाही होता. "जाऊ दे. हा क्लू आज जमत नाही. कप तेवढे आत ठेवा."

लेकीची माया आणि हवेशीर कोपरा तसाच राहिला. संध्याकाळी बायकोने नुसत्या भुवयांनी विचारलं, काय झालं? जावयाने नुसत्या हाताने सांगितलं, बघू.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक गृहस्थ आले. सोबत त्यांचे वडील होते, काठी टेकत चालणारे. बाथरूमची लादी हवी होती. पॉलिशने नेहमीची चकचकीत टाइल काढली, दिव्याखाली धरली, तिच्यात स्वतःचा चेहरा बघून भांग नीट केला, हा त्याचा ठरलेला विनोद होता. मुलगा हसला. वडिलांनी टाइलकडे न बघता विचारलं, "घसरणार नाही ना?"

पॉलिशने तोंड उघडलं. वाक्य ओठांवर आलेलं होतं. नजर घसरेल, इथपर्यंत ते जिभेने उचललंही होतं. आणि तिथेच ते अडकलं. पुढे जाईना, मागेही जाईना. दुकानात इतकी शांतता पसरली की काउंटरमागचा पंखा एका बाजूने घासतो, हे मालकांना पहिल्यांदाच कळलं. त्यांनी बिलावरून मान वर केली.

"काय झालं?" मुलाने विचारलं.

"घसरेल," पॉलिश म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे ओली झाली की घसरेल."

गिऱ्हाइकाला हा विक्रीचा कुठला तरी नवा डाव वाटला. "आम्ही विचार करून सांगतो," असं म्हणून मुलगा वडिलांना घेऊन निघाला. जाताना वडिलांनी एकदा मागे वळून बघितलं. पॉलिशच्या समोरून कुणी विचार करायला गेलं, असं त्या दुकानात आधी झालं नव्हतं.

"बरं नाही का तुला?" मालकांनी विचारलं.

"बरा आहे."

"मग असं काय बोललास?"

"प्रश्न विचारला त्यांनी."

"प्रश्न काय, सगळेच विचारतात," मालक म्हणाले आणि पुन्हा बिलात बुडाले.

पॉलिश दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात गेला. तिथे सगळ्यात खालच्या फळीवर, वाकल्याशिवाय दिसणार नाहीत अशा काही टाइल्स होत्या. रंग चिखलाचा, अंग खरखरीत, बारीक दाणे उठलेले. त्यांना दिव्याखाली धरण्यात अर्थ नव्हता, दिवाच मंद वाटायचा. त्यांच्यासाठी पॉलिशकडे एकही वाक्य नव्हतं, म्हणून त्या कधी विकल्या जात नव्हत्या. त्याने एक टाइल उचलली, मागची चिठ्ठी वाचली, आणि ती नमुना म्हणून काखेत मारून घरी आला.

बायको अजून लॅबमधून यायची होती. सासूबाई त्याच कागदावर होत्या. आडवे सात अजून मोकळंच होतं. जावयाने टाइल त्यांच्या मांडीवर, कागदावरच ठेवली.

सासूबाईंनी तिच्यावरून तळहात फिरवला. "हे काय? किसणी आणलीत?"

"बाथरूमची टाइल आहे."

"हिच्यावर अंघोळ करायची की खोबरं किसायचं?"

"आई, ही बाथरूमसाठीच असते. कुणी घेत नाही, म्हणजे मी दाखवत नाही, म्हणून कुणी घेत नाही."

"काय म्हणतात हिला?"

"अँटी-स्किड."

"मराठीत सांगा."

"अँटी म्हणजे... नाही. विरुद्ध. स्किड म्हणजे घसरणं. न घसरणारी."

सासूबाईंचा हात टाइलवर होता तिथेच थांबला.

"परत सांगा. सावकाश."

"अँटी म्हणजे न. स्किड म्हणजे—"

पुढचं त्याच्या तोंडातून बाहेर आलंच नाही, कारण सासूबाई हसायला लागल्या होत्या. पडल्यापासून त्या पहिल्यांदा अशा हसल्या. प्लास्टर उशीवर थडथड हललं, पेन्सिल घरंगळत दिवाणाखाली गेली, डोळ्यांत पाणी आलं. जावयाला आधी वाटलं त्यांना कळ आली.

"अहो, अ म्हणजे न!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "स्खल म्हणजे घसरणं! ही अस्खलित आहे. ही! ही किसणी!"

जावयाने टाइलकडे बघितलं. चिठ्ठीकडे बघितलं. मग तोही खाली बसला आणि हसायला लागला.

"आणि ती चकचकीत?" सासूबाईंनी विचारलं.

"ती गुळगुळीत."

"दोन वेगवेगळ्या लाद्या आहेत."

"वेगवेगळ्या फळीवर असतात, आई. मी रोज बघतो. कधी डोक्यात आलं नाही."

"तुमच्या काय येणार! माझ्या नाही आलं. मुलांच्या वहीत गुळगुळीत वाक्य दिसलं की मी समासात लिहायची, 'अस्खलित भाषा, छान.' आणि जी पोरं एकेक शब्द पाय रोवून टाकायची, त्यांना लिहायची 'ओघ नाही.'" त्या जराशा थांबल्या. त्या थांबण्यात एक पूर्ण काळी चौकट होती. "बाथरूमकडे एकदा नीट बघायला हवं होतं मी."

जावई दिवाणाखाली वाकून पेन्सिल शोधू लागला.

"ते राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "आता बोला. हिने काय बोलायला पाठवलं होतं तुम्हाला?"

"कोणी?"

"माझ्या मुलीने. नळ सोडून. अहो, पाय मोडलाय माझा, कान नाही मोडले. बोला. फक्त या टाइलवर हात ठेवून बोला. शपथ घेताना पोथीवर ठेवतात तसा."

जावयाने खुर्ची ओढली नाही. तिथेच जमिनीवर बसून त्याने टाइल पुढ्यात घेतली आणि तिच्यावर हात ठेवला. दाणे टोचत होते.

"तिला वाटतं तुम्ही इथे राहावं."

"ते कळलं. का?"

"ती घाबरलीय. म्हणजे..." त्याने नेहमीचं वाक्य शोधलं, ते हाताला लागलं नाही. "दिवसभर लोकांना सुया टोचते, तिचा हात हलत नाही. त्या दिवशी तुमच्या दाराला किल्ली लावता येईना तिला. किल्ली दोनदा हातातून पडली. मी लावली."

सासूबाईंनी मान डोलावली. हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला?"

"तुम्हाला."

जावयाने टाइलवरचा तळहात जरा आणखी दाबला.

"तुम्ही इथे असलात की मला टीव्हीचा आवाज वाढवता येत नाही," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही राहावं असं... अगदी असं नाही वाटत. पण सुट्टीच्या दिवशी चहाला कुणीतरी असतं. तर जावं असंही नाही. म्हणजे दोन्ही नाही. आणि ती टाइल मी दिली."

"वाक्य लंगडतंय," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"पण पडलं नाही." मग जावयाचा चेहरा खुलतोय असं बघून त्या लगेच म्हणाल्या, "फार खूष होऊ नका. अडखळणंसुद्धा पाठ करता येतं. आमचे मुख्याध्यापक दर वर्षी निरोपाच्या भाषणात त्याच वाक्याला अडखळायचे आणि तिथेच रुमाल काढायचे. ते असो. माझं ऐका. मला माझ्या घरी जायचंय. माझं टेबल तिकडे आहे आणि माझा रेडिओ मला हवा तेवढा मोठा लावता येतो. तुमच्या टीव्हीसारखंच ते. ती चकचकीत काढा आणि ही बसवा. फोन मी अंघोळीला जाताना आत घेऊन जाईन. आणि हे तिला तुम्ही सांगायचं."

"मी?"

"मग कोण? मी सांगितलं की भांडण होतं."

बायको आली तेव्हा जावयाने स्वतःच नळ सोडला.

"त्या जाणार म्हणतात," तो म्हणाला.

"तू पटवायला गेला होतास ना?"

"हो."

"मग?"

"त्यांनी पटवलं."

बायकोने पर्स ओट्यावर आपटली. "एरवी माणसाला झोपेतसुद्धा टाइल विकशील आणि माझ्या एका कामाला तुझी जीभ लुळी पडते! बोल ना! पुढच्या वेळी कोण दूध द्यायला येणार आहे तिला? बोल!"

एरवी त्याने या प्रश्नालाही उत्तर दिलं असतं आणि ते तिला रात्रीपर्यंत पुरलं असतं. आज त्याने टाइल बाहेरून आणली, मोरीत ठेवली, तिच्यावर भांड्याच्या साबणाचं पाणी ओतलं आणि म्हणाला, "चप्पल काढून उभी राहा."

"काय?"

"राहा तर."

बायको रागात उभी राहिली. पाय सरकवून बघितला. सरकेना. टाच घासून बघितली. अंगठा दाबला. राग तसाच होता, पण त्यात आता तपासणी शिरली होती.

"हे एकच सॅम्पल आहे," ती म्हणाली. "एका सॅम्पलवर आम्ही रिपोर्ट देत नाही."

"मग सगळं बाथरूम तपास."

"तपासेन. पास झालं तर बघू. आणि एक किल्ली शेजारणीकडे राहील. आणि सकाळी अंघोळ झाली की मला फोन, रोज. नाही आला तर मी काम टाकून येईन, आईला सांगून ठेव."

"सांगतो."

"मी सांगेन," बायको म्हणाली. मग बाहेरच्या खोलीतून भांडणाचा आवाज आला, पण तो फार वेळ टिकला नाही, आणि शेवटी दोघी हळू आवाजात बोलत होत्या. लॅबमधल्या मॅडमना दुसरं घर मिळालं. ते याहून मोठं होतं, त्यामुळे त्यांनीच आभार मानले.

मालकांनी बिल करताना टाइल दोनदा बघितली. "पॉलिश, घरच्याच माणसाला ही? बघणारा काय म्हणेल?"

"बाथरूम बघायला कोण येतंय, शेठ?"

मिस्त्रीने चकचकीत लादी फोडून काढली आणि खरखरीत बसवली. तोवर सासूबाईंचं प्लास्टर निघालं होतं आणि हातात काठी आली होती. शब्दकोडंही छापून आलं. आडवे सातचा क्लू होता, 'बाथरूमला बसवावी अशी'. बहुतेक वाचकांनी 'सुरक्षित' भरलं आणि त्यांचे उभे शब्द बिघडले. संपादकांचा फोन आला, काही छापायला चुकलं का? सासूबाई म्हणाल्या, इतकी वर्षं चुकत होतं, आता नाही. जावयाचं म्हणाल तर एव्हाना त्याने खरखरीत टाइलसाठीही एक वाक्य बनवून टाकलं होतं, 'हिच्यावर नजर ठरणार नाही, पाय ठरेल!' आणि ती खालची फळी रिकामी व्हायला लागली होती. त्याने ते वाक्य मोठ्या हौसेने सासूबाईंना ऐकवलं. "घोटीव झालंय," त्या म्हणाल्या. "जपून वापरा."

तपासणीच्या दिवशी तिघं त्या छोट्या घरात जमले. बायकोने बाही वर करून बाथरूमभर साबणाचं पाणी टाकलं, अगदी कोपऱ्यांतसुद्धा. सासूबाई दारात खुर्चीवर बसल्या होत्या. पहिला जावई.

"चाला," सासूबाई म्हणाल्या. "आणि चालता चालता बोला."

"काय बोलू?"

"काहीही. जाहिरात सोडून."

जाहिरात सोडून बोलायचं म्हटल्यावर जावयाला बराच वेळ काही सुचलं नाही. तो नळापर्यंत गेला, वळला, खिडकीपर्यंत गेला. "टोचतंय," तो म्हणाला. दोन पावलांनी पुन्हा म्हणाला, "पण चालता येतंय." बायको त्याच्या पायांकडे बघत होती. मग ती स्वतः आत गेली, एका पायावर उभी राहिली, गिरकी घेण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला, म्हणजे टाइल पास झाली.  नुसती बाजूला सरली आणि आईला जागा दिली.

सासूबाई उठल्या. कुणाचा हात घेतला नाही. उंबऱ्याशी थांबून त्यांनी बरा झालेला पाय पुढे केला, ओल्या लादीवर टेकवला, आणि जावयाकडे बघून विचारलं, "घसरणार नाही ना?"

जावयाने लादीकडे बघितलं. साबणाच्या पाण्याकडे बघितलं. सासूबाईंच्या पावलाकडे, त्या घोट्याकडे बघितलं. 

"साबण फार झाला," तो म्हणाला, "तर जरा सरकेल. तेव्हा नळाला धरा."

सासूबाईंनी काठी दाराला टेकवून ठेवली आणि दुसरा पाय आत टाकला.